तक्रार ही निंदा आहे का?



गेल्या महिन्यात एका गुरुवारी आरती झाली, प्रसादाचे द्रोण वाटून झाले, आणि नवीनच येऊ लागलेल्या एका ताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, ज्या संस्थेला आपण दान देतो, तिच्याविषयी तक्रार केली तर पाप लागतं का हो? दिलेलं दान पुन्हा मोजू नये म्हणतात ना?"

प्रश्न साधाच होता. पण आम्ही पाच-सहा जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. तीन वर्षांपूर्वी आम्ही नेमक्या याच प्रश्नात सापडलो होतो, आणि त्यातून बाहेर येताना बऱ्याच चुका केल्या होत्या. त्या दिवशी ताईंना धड उत्तर देता आलं नाही. म्हणून जे घडलं ते लिहून पाठवतो आहोत. संस्थेचं किंवा कोणाचंही नाव यात नाही. कोणी ओळखलं तरी ग्रुपवर लिहू नये, ही हात जोडून विनंती.

फळ्यावरचं नाव

इंदूरपासून तासाभरावर एक वृद्धाश्रम आहे. आमचं मंडळ तिथे आठ वर्षं अन्नदान करत होतं. ३,१०० रुपये भरले की एका दिवसाचं जेवण तुमच्या नावे. कोणी नातवाच्या वाढदिवसाला भरायचं, कोणी आईच्या पुण्यतिथीला. तिथले व्यवस्थापक आपलेच गुरुबंधू. दर गुरुवारी आपल्याच सतरंजीवर बसणारे, आरतीला खणखणीत आवाज देणारे. त्यामुळे विचारपूस करायची वेळच आली नाही. पैसे त्यांच्या हातात ठेवायचे, ते खिशातल्या वहीत लिहून घ्यायचे, झालं.

आमच्या एक काकू यजमानांच्या पुण्यतिथीला पुरणपोळीच्या जेवणाचे पैसे भरायच्या. त्यांना जास्त आवडायची म्हणून. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून स्वतः कधी जात नसत. त्या वर्षी नातू गाडी घेऊन आला होता, तेव्हा न सांगताच दोघं गेली. फळ्यावर 'आजचे अन्नदाते' म्हणून देवासच्या कुठल्याशा कुटुंबाचं नाव. ताटात वरण-भात, पालेभाजी आणि थोडा शिरा. काकूंनी शेजारच्या आजींना विचारलं, "आज पुरण नव्हतं का?" आजी म्हणाल्या, "होळीनंतर नाही बाई दिसलं."

काकू घरी येऊन दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पैशाचं दुःख त्यांना नव्हतं. "यांच्या नावाचा घास कोणाच्या तोंडी गेलाच नाही," एवढंच म्हणत होत्या.

मग आम्ही आपापसात चौकशी केली. त्याच तारखेचे पैसे एकूण चार घरांनी भरलेले निघाले. आमच्या निम्म्याअधिक देणग्यांच्या पावत्या सापडेनात. आणि हिवाळ्यात दिलेली चाळीस ब्लँकेटं तिथे कोणाच्याच अंगावर दिसली नव्हती.

आधी काहीच नाही, मग नको ते सगळं

पहिले दोन महिने आम्ही काहीच केलं नाही. "गुरुबंधूंविषयी कसं बोलायचं?" "आपण दिलं, आपलं पुण्य आपल्यापाशी. त्यांचं कर्म त्यांच्यापाशी." "सद्गुरू सगळं बघतायत." अशी वाक्यं आम्ही एकमेकींना ऐकवत होतो. ती बोलायला किती सोपी असतात! खरं सांगायचं तर त्यात भक्ती थोडी होती आणि भीड जास्त होती.

आणि मग एक दिवस कोणीतरी त्या फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जागे व्हा.' आठवडाभरात तो फोटो उज्जैन, देवास, ग्वाल्हेर असा फिरून परत आमच्याच फोनवर आला. तोपर्यंत त्यात भर पडली होती, की ब्लँकेटं बाजारात विकली आणि व्यवस्थापकांनी नवी गाडी घेतली. ती गाडी कोणी पाहिली होती? कोणीच नाही. तरी आमच्यातल्याच दोघीतिघींनी तो मजकूर पुढे पाठवला.

देणग्या आटल्या. पुढे तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाई भाजीबाजारात भेटल्या. म्हणाल्या, "संध्याकाळचं दूध बंद झालंय ताई. औषधं पूर्वी महिन्याची यायची, आता आठवड्याची येतात." ज्यांच्यासाठी आम्ही एवढं रागावलो होतो, शिक्षा त्यांनाच झाली. कारभार होता तसाच होता.

आमच्या मंडळात एक काका आहेत. जिल्हा कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, सहसा बोलत नाहीत. त्या गुरुवारी ते म्हणाले, "तुम्ही ही गोष्ट तीनशे लोकांना सांगितलीत. त्यातल्या एकाच्या तरी हातात ती दुरुस्त करणं आहे का?" आम्ही गप्प. "मग तिला तक्रार म्हणू नका. निंदा म्हणा."

दोन्हींत फरक काय?

त्या दिवसापासून आम्ही या फरकावर खूप बोललो. जे हाती लागलं ते असं: निंदा पाठीमागे होते, तक्रार ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्यासमोर होते. निंदेला सही नसते. तक्रारीखाली आपलं नाव असतं. निंदा माणसाविषयी असते, 'तो असलाच आहे'. तक्रार घटनेविषयी असते, 'अमुक तारखेला अमुक झालं.' आणि सगळ्यांत मोठा फरक असा, की निंदा करणाऱ्याला आपलं म्हणणं खरंच ठरायला हवं असतं. तक्रार करणाऱ्याला ते खोटं ठरलं तर आनंद व्हायला हवा.

काकांनी सांगितलं, की कायदासुद्धा हा भेद ओळखतो. मानहानीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६वं, त्याला काही अपवाद आहेत. त्यात एक असा, की ज्याला कायद्याने दखल घ्यायचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेला आरोप ही मानहानी नव्हे. तोच आरोप तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकला तर ही ढाल मिळत नाही.

आपल्या महाभारतात विदुर आहे. दुर्योधनाविषयी तो दासदासींत कुजबुजत नाही. भर सभेत, धृतराष्ट्राला तोंडावर सांगतो, कारण थांबवणं धृतराष्ट्राच्या हातात होतं. त्यापायी एकदा 'चालता हो' हेही ऐकून घेतो, आणि परत बोलावल्यावर पुन्हा तेच सांगतो. त्याला कोणी निंदक म्हणत नाही.

राहिला प्रश्न दानाचा. दिलेलं मोजू नये, हे खरंच आहे. ते 'माझे पैसे' राहिले नाहीत. पण मग कोणाचे झाले? व्यवस्थापकांचे तर नक्कीच नाहीत. ते त्या ताटावर बसलेल्या आजींचे झाले. माझे नाहीत म्हणून गप्प बसायचं, की आजींचे आहेत म्हणून बोलायचं? गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना देश, काळ आणि पात्र बघायला सांगितलं आहे. पात्र म्हणजे भांडंही. गळक्या भांड्यात आठ वर्षं पाणी ओतायचं आणि म्हणायचं, 'आम्ही ओतलं, आमचं काम झालं', याला दान म्हणायचं का?

आणि गुरुबंधू? घरातल्या मुलाची चूक आपण गल्लीत सांगत सुटत नाही. पण म्हणून घरातल्या मोठ्यांपासून झाकूनही ठेवत नाही. झाकली तर ती वाढते, आणि त्याचं नुकसान सर्वांत जास्त त्या मुलाचंच होतं.

अहिल्यादेवींच्या गावात राहून

"संस्थेचं नाव खराब होईल" ही एक भीती असते. त्यावर काकांनी आमच्याच इंदूरचं उदाहरण दिलं. अहिल्यादेवींनी काशीपासून रामेश्वरापर्यंत मंदिरं, घाट, धर्मशाळा उभ्या केल्या. हा दानधर्म त्या दौलतीच्या पैशातून करत नसत, खाजगीतून करत. दोन पैशांची दोन खाती, हे त्यांनी अठराव्या शतकात पाळलं. त्या धर्मादायाचं काम पाहण्यासाठी १९६२ साली खासगी ट्रस्ट झाला. पुढे काही मिळकतींच्या विक्रीवरून तक्रारी झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या मिळकती सरकारच्या मालकीच्या नाहीत. पण या ट्रस्टलाही मध्य प्रदेशचा लोकन्यास कायदा लागू आहे, त्याने नोंदणी करावी, आणि झालेले व्यवहार रजिस्ट्रारने तपासावेत.

त्यामुळे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव खराब झालं का? मुळीच नाही. उलट त्यांच्या दानाला कोणीतरी हिशेब मागणारं आहे, हे कळलं. मग आपल्या गावातल्या वृद्धाश्रमाला हिशेब विचारण्यात अपमान कसला?

तक्रार कशी करावी

आम्ही जे शिकलो ते सांगतो.

आधी कागद जमवा. पावत्या, बँकेच्या किंवा यूपीआयच्या नोंदी, तारखा. स्वतः पाहिलेलं एका बाजूला लिहा, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. ऐकलेलं पत्रात घालू नका. आमच्या यादीतले नऊ मुद्दे असे गाळल्यावर तीन उरले.

मग पहिलं पत्र संस्थेलाच. व्यवस्थापकांना नव्हे, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांना. भाषा साधी ठेवा: 'आम्हांला असे असे दिसले. आमची समजूत चुकीची असल्यास कृपया दाखवून द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे.' खाली खऱ्या सह्या, फोन नंबर. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती जपा. निनावी पत्र पाठवू नका. त्याला कोणी उत्तर कुठे पाठवणार?

उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर सरकारदरबारी. आपल्या ग्रुपात बरीच गावं आहेत आणि प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, म्हणून थोडक्यात देतो. मध्य प्रदेशात १९५१च्या लोकन्यास कायद्याप्रमाणे कलेक्टर हे लोकन्यासांचे रजिस्ट्रार. काम बहुतेक एसडीएमच्या कचेरीत चालतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना मंगळवारच्या जनसुनवाईतही अर्ज देता येतो. अर्ज हिंदीत लिहावा. संस्था समिती म्हणून नोंदलेली असेल तर फर्म्स अँड सोसायटीजच्या रजिस्ट्रारकडे जावं. महाराष्ट्र आणि गुजरातला मूळ कायदा एकच, १९५०चा मुंबईचा. तिथे धर्मादाय आयुक्त, म्हणजे चॅरिटी कमिशनर. वडोदऱ्यातही त्यांचं कार्यालय आहे. या कायद्यात 'हितसंबंधी' कोण ते सांगितलं आहे: मंदिराच्या बाबतीत तिथे दर्शनाला जाणारा, मठाच्या बाबतीत मठाचा शिष्य. म्हणजे 'तुमचा काय संबंध?' असं शिष्याला कोणी म्हणू शकत नाही. बेळगावकडे संस्था सोसायटी असेल तर जिल्हा निबंधक, आणि सरकारी यादीतलं देऊळ असेल तर मुजराई खातं. गोव्यात महाजनांच्या देवस्थानांना पोर्तुगीज काळातलं १९३३चं नियमन अजून लागू आहे, तिथे तालुक्याचे मामलेदार हे प्रशासक. हैदराबादला देवस्थानं आणि धर्मादाय संस्थांसाठी एंडोमेंट्स खातं.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी. आयकराची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. आणि सवलतीस पात्र संस्थेने वर्षाअखेर आपल्या नावाचं देणगी प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते मागा. प्रमाणपत्र आलं नाही तर देणगी पुस्तकात चढली का, ही शंका घ्यायला जागा आहे. कोणी संस्थेच्या नावाने खोटा क्यूआर कोड पाठवून फसवलं असेल तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पंधरा दिवसांची सबुरी हिशेबासाठी आहे, माणसासाठी नाही. कोणाला मारहाण होते आहे, उपाशी ठेवलं जातं आहे, मुलामुलींशी गैरवर्तन होतं आहे असं दिसलं, तर पत्र लिहीत बसू नका. मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि तातडी असेल तर पोलिसांना ११२. तिथे भीड धरली तर ते पाप आपल्याच माथी.

पुढे काय झालं

आमच्या पत्रावर सात जणींच्या सह्या होत्या. आठवी घरून परवानगी मिळाली नाही म्हणून रडली. एसडीएम कचेरीचा अर्ज काकांनी लिहून तयार ठेवला होता, पण तो द्यावा लागला नाही. अकराव्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. वयस्कर, दुसऱ्या गावी राहणारे. "मी वर्षातून एकदा सही करायला येतो, ही माझी चूक," असं त्यांनीच आधी म्हटलं. मग सगळ्यांना समोर बसवून, वह्या उघडून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हिशेब पाहिला.

तीन मुद्द्यांपैकी ब्लँकेटांचा मुद्दा साफ खोटा निघाला. तिथे कपाटात जागा नव्हती म्हणून ती त्याच संस्थेच्या मुलांच्या वसतिगृहात पाठवली होती. नोंद होती, सही होती. पावत्यांचा मुद्दा अर्धा आमच्याच अंगावर आला. बऱ्याच पावत्या आमच्या खजिनदार ताईंच्या ड्रॉवरमध्ये निघाल्या. वाटायच्या राहून गेल्या होत्या. एका तारखेला चार घरांचे पैसे, हे मात्र खरं होतं. त्यातला बराचसा पैसा किराण्याची उधारी आणि गच्चीच्या दुरुस्तीत गेला होता, बिलं होती. पण दात्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि ३८,००० रुपयांचा कसलाच हिशेब नव्हता.

व्यवस्थापक खाली मान घालून म्हणाले, "हाताशी होते, घरात अडचण होती, वापरले. परत ठेवणार होतो." ते पैसे त्यांनी हप्त्याहप्त्याने भरले आणि काम सोडलं. आता तिथे छापील पावती मिळते, तारखांचं एकच रजिस्टर दाराशी ठेवलेलं असतं, आणि एका दिवशी चार दाते असले तर चौघांची नावं फळ्यावर लिहितात. दूध सुरू व्हायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत एक आजी गेल्या. त्यांचं जाणं वयाने होतं, दुधाशी त्याचा संबंध नव्हता. तरीही आम्हांला ते विसरता येत नाही.

ते गुरुबंधू आता गुरुवारी येत नाहीत. आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. गाडीची आणि ब्लँकेटांची जी बदनामी झाली, तिची माफी मागितली. वहिनींनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. निघताना ते एवढंच म्हणाले, "पहिल्याच वर्षी कोणी पावती मागितली असती ना..." आणि थांबले.

त्यांची चूक त्यांचीच आहे, ती आम्ही आमच्या अंगावर घेत नाही. पण ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. पहिल्या वर्षी साधा प्रश्न विचारला असता, तर तो प्रश्नच राहिला असता. आठ वर्षं भिडेने गप्प बसलो, म्हणून त्याची तक्रार झाली. आम्ही त्याला विश्वास म्हणत होतो. खरं तर तो आमचा आळस होता, आणि एका माणसाला आम्ही विनाकारण मोहासमोर एकटं सोडलं होतं.

आपल्या घरापासून

आता आमच्या मंडळात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आरतीनंतर जमाखर्च वाचून दाखवतात. पहिल्यांदा खजिनदार ताईंना वाईट वाटलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणाल्या. आम्ही म्हटलं, विश्वास आहे, आणि तो तसाच राहावा म्हणून. आता त्याच वही मिटण्याआधी विचारतात, "कोणाला काही विचारायचंय?" बहुतेक वेळा कोणाला काही विचारायचं नसतं. एकदा एका सूनबाईंनी फुलांच्या खर्चातली साठ रुपयांची बेरजेची चूक काढली. सगळे हसले, ताईंनी दुरुस्त केली.

काकू यंदा पुण्यतिथीला स्वतः गेल्या. नातवाने खुर्ची ठेवली, त्यांनी बसूनच पुरणपोळ्या वाढल्या. त्या आजींनी दोन मागून घेतल्या.

तर त्या नवीन ताईंना आमचं उत्तर असं: तक्रार केल्याने पाप लागत नाही. पण ती कोणाकडे केली, खाली आपलं नाव लिहिलं का, आणि चुकीची ठरल्यावर माफी मागायला गेलो का, हे पाहावं लागतं. आणि ती करायची वेळच येऊ नये असं वाटत असेल, तर पुढच्या वेळी दान देताना हसतमुखाने एवढंच म्हणावं, "पावती देता ना?"

चूकभूल द्यावी घ्यावी. कोणाच्या मनाला लागलं असेल तर क्षमा असावी.

जय सद्गुरू 🙏
महिला मंडळाच्या भगिनी, इंदूर